मोजणीतली चूक पकडायची कशी? सर्व्हेइंगची साधनं आणि पद्धती, मुळापासून

सर्व्हेइंग शिकताना बहुतेक विद्यार्थी उपकरणांची यादी पाठ करतात. साखळी, टेप, कंपास, लेव्हल, थिओडोलाइट, टोटल स्टेशन, जीपीएस. प्रत्येकाचे भाग, लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप), फायदे-तोटे. पेपर सुटतो. पण साइटवर कुणी विचारलं, "हे रीडिंग बरोबर कशावरून?" तर उत्तर सुचत नाही. माझ्या मते हा विषय याच प्रश्नापासून शिकायला हवा. जमिनीवर घेतलेलं कुठलंही माप तंतोतंत खरं नसतं. टेप उन्हात लांबते, मध्ये झोळ पडला की अंतर जास्त दाखवते. दुर्बिणीची रेषा किंचित वर किंवा खाली झुकलेली असते. हवा प्रकाशाला वाकवते. या चुका पकडता याव्यात, त्यांचा आकार कळावा आणि जमेल तिथे त्या परस्पर कटाव्यात, अशाच बेताने सर्व्हेइंगच्या जवळजवळ सगळ्या पद्धती बसवलेल्या आहेत. एवढं ध्यानात आलं की पाठ करायचं फार थोडं उरतं.

चुका तीन जातींच्या

पहिली ढोबळ चूक. 1.645 ऐवजी 1.465 लिहिणं, टेपची एक लांबी मोजायची विसरणं, भलत्याच खुंटीवर स्टाफ (आकडे छापलेली उभी पट्टी) धरणं. तिच्यावर कुठलंही सूत्र चालत नाही. माप दुसऱ्यांदा, शक्यतो वेगळ्या वाटेने घेऊनच ती सापडते.

दुसरी पद्धतशीर चूक. ती दर वेळी एकाच दिशेने होते, म्हणून साठत जाते. तिसरी आकस्मिक. ती कधी अधिक, कधी उणे, म्हणून थोडीफार आपसात कटते. या दोघींतला फरक आकड्यात बघा. समजा टेपच्या एका लांबीला 3 मिलिमीटरची चूक होते आणि अशा 16 लांब्या मोजायच्या आहेत. चूक पद्धतशीर असेल तर एकूण 48 मिलिमीटर. आकस्मिक असेल तर ती संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते, म्हणजे 16 चं वर्गमूळ 4, आणि एकूण अंदाजे 12 मिलिमीटर. म्हणूनच दिसायला छोटी, पण एकाच बाजूला ढकलणारी चूक अधिक घातक. आकस्मिक चुकीशी जमवून घेता येतं, पद्धतशीर चुकीचं मूळ शोधावंच लागतं.

यातूनच "संपूर्णाकडून भागाकडे" हे सर्व्हेइंगचं पहिलं तत्त्व येतं. आधी सगळ्या क्षेत्राला कवेत घेणारे मोजके नियंत्रण-बिंदू अतिशय काळजीने पक्के करायचे, मग आतला तपशील त्यांच्यात भरायचा. तपशिलात झालेली चूक मग दोन पक्क्या बिंदूंच्या मध्येच अडकून राहते. उलट कोपऱ्यातून सुरुवात करून तुकड्याला तुकडा जोडत गेलं, तर पहिल्या तुकड्यातली चूक शेवटपर्यंत वाढत जाते.

टेप आणि साखळी

1620 च्या सुमारास एडमंड गुंटर यांनी 66 फुटांची, 100 कड्यांची साखळी रूढ केली. अशा 80 साखळ्यांचा एक मैल आणि 10 चौरस साखळ्यांचा एक एकर होतो, म्हणजे क्षेत्रफळाचा हिशेब दशमानात बसतो. मेट्रिक साखळी 20 किंवा 30 मीटरची असते. साखळी आता बहुतेक प्रयोगशाळेतच दिसते, पण तिच्यासोबत आलेले ऑफसेट (मुख्य रेषेपासूनचं बाजूचं अंतर), रेंजिंग (मधले बिंदू सरळ रेषेत आणणं), तपासणी-रेषा हे विचार आजही जसेच्या तसे लागू आहेत.

पोलादी टेपचं प्रसरण दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.0000116 इतकं. म्हणजे 30 मीटरची टेप प्रमाण तापमानापेक्षा 10 अंशांनी तापली तर साधारण 3.5 मिलिमीटर लांबते. तापमानाची दुरुस्ती विद्यार्थी आवडीने करतात, पण त्याहून मोठी चूक पायाखालच्या उतारात असते. 1:20 चा उतार उभं राहिल्यावर जेमतेम जाणवतो. 30 मीटरमध्ये 1.5 मीटर चढ. उतारावरून मोजलेलं अंतर आडव्या अंतरापेक्षा उंचीचा वर्ग भागिले दुप्पट लांबी इतकं जास्त येतं: 2.25 भागिले 60, म्हणजे 37.5 मिलिमीटर. तापमानाच्या दहापटीहून जास्त. कुठली दुरुस्ती आधी करायची हे ठरवताना असे अंदाज बोटांवर असायला हवेत.

लेव्हलिंग: सगळा खेळ एका आडव्या रेषेचा

लेव्हल हे उपकरण एकच काम करतं, आडवी दृष्टिरेषा देतं. ऑटो लेव्हलमध्ये गोल बबल साधारण मध्ये आणला की आतला लोलकासारखा लटकता कॉम्पेन्सेटर उरलेला झुकाव सावरतो. स्टाफवर जे रीडिंग दिसतं ते म्हणजे या रेषेपासून जमीन किती खाली आहे. रीडिंग जास्त, तर जमीन खोल. नवख्यांचा इथेच घोळ होतो, म्हणून हे वाक्य पक्कं करा.

एक छोटं उदाहरण घेऊ. बेंचमार्कची, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या पक्क्या बिंदूची, पातळी 100.000 मीटर. त्यावर स्टाफ धरला, बॅकसाइट, म्हणजे ज्ञात पातळीच्या बिंदूवरचं पहिलं रीडिंग, 1.645 आली. दृष्टिरेषेची पातळी झाली 101.645. मधल्या अ बिंदूवर रीडिंग 1.210, तर अ ची पातळी 100.435. पुढे चेंज पॉइंटवर (जिथे स्टाफ ठेवून लेव्हल हलवायची तो बिंदू) फोरसाइट, म्हणजे लेव्हल हलवण्याआधीचं शेवटचं रीडिंग, 0.905, त्याची पातळी 100.740. आता लेव्हल उचलून पुढे लावली. स्टाफ मात्र त्याच चेंज पॉइंटवर, तसूभरही न हलता. तिथली नवी बॅकसाइट 1.320, म्हणून नवी दृष्टिरेषा 102.060. शेवटच्या ब बिंदूवर फोरसाइट 2.485, पातळी 99.575.

ताळा असा: बॅकसाइटची बेरीज 2.965, फोरसाइटची 3.390, फरक उणे 0.425. शेवटची पातळी वजा पहिली पातळी, तीही उणे 0.425. जुळलं. पण हा ताळा फक्त तुमच्या बेरीज-वजाबाकीची हमी देतो. रीडिंगच चुकीचं वाचलं असेल, तर चुकीच्या आकड्यांचाही ताळा सुंदर जुळतो. शिवाय मधलं 1.210 या ताळ्यात कुठेच आलं नाही. राइज-अँड-फॉल पद्धतीत, म्हणजे लागोपाठच्या दोन रीडिंगच्या फरकावरून चढ-उतार काढण्याच्या पद्धतीत, मधल्या रीडिंगवरून काढलेल्या पातळीचं गणितही तपासलं जातं, म्हणून थोडा वेळ जास्त लागला तरी शिकताना मी तीच पद्धत सुचवते. वाचन बरोबर आहे का, हे पाहण्याचा मार्ग एकच: पुन्हा बेंचमार्कवर परत या, किंवा दुसऱ्या ज्ञात बेंचमार्कवर जाऊन पोहोचा. अभियांत्रिकी कामांत 12 गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ, इतक्या मिलिमीटरचा फरक अनेकदा चालवून घेतात. 4 किलोमीटरच्या फेरीला 24 मिलिमीटर. इथे वर्गमूळ का आलं, हे वरचं आकस्मिक चुकीचं गणित आठवलं की कळेल.

आता उपकरणाची स्वतःची चूक. "बॅकसाइट आणि फोरसाइटची अंतरं सारखी ठेवा" हे सगळे सांगतात, कारण क्वचितच सांगतात. दोन खुंट्यांच्या चाचणीत ते डोळ्यांनी दिसतं. 60 मीटर अंतरावर क आणि ख अशा खुंट्या ठोका आणि लेव्हल बरोबर मध्ये लावा. क वर 1.532, ख वर 1.187, फरक 0.345. रेषा वर झुकलेली असली तरी दोन्ही अंतरं सारखीच असल्याने दोन्ही रीडिंग सारखीच वाढली, आणि वजाबाकीत चूक उडाली. 0.345 हा फरक खरा. आता लेव्हल क च्या पलीकडे दोन मीटरवर न्या. क वर 1.410 आलं, तर ख वर 1.065 यायला हवं. प्रत्यक्षात आलं 1.077. म्हणजे 60 मीटरच्या फरकात 12 मिलिमीटर, दर 10 मीटरला 2 मिलिमीटर. रेषा वर झुकते आहे.

अशी लेव्हल घेऊन कुणी बॅकसाइट 20 मीटरवर आणि फोरसाइट 60 मीटरवर घेत गेलं, तर प्रत्येक मुक्कामाला 8 मिलिमीटर, तेही एकाच दिशेने. तीच लेव्हल दोन्हीकडे 40-40 मीटर ठेवून वापरली तर चूक शून्य. बिघडलेल्या लेव्हलनेही बरोबर काम करता येतं, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर सत्य वाटतं. पृथ्वीच्या गोलाईची चूकही याच युक्तीने कटते. गोलाई आणि प्रकाशाचं वक्रीभवन मिळून 1 किलोमीटरला सुमारे 67 मिलिमीटर होतात, पण त्या अंतराच्या वर्गाने वाढत असल्याने 100 मीटरला मिलिमीटरच्या आतच राहतात.

स्टाफ धरणाऱ्याचं काम दुय्यम समजू नका. स्टाफ पुढे-मागे कलला की रीडिंग नेहमी वाढतं, कधीच कमी होत नाही. म्हणून बबल नसेल तर स्टाफ हळूच पुढे-मागे झुलवायला सांगावं आणि सगळ्यात कमी रीडिंग नोंदवावं. स्टाफचा तळ मात्र सपाट जागेवर नको, उंचवट्यासारख्या टोकावर टेकलेला हवा; नाहीतर मागे कलताना तो कडेवर उचलला जातो.

कोन आणि ट्रॅव्हर्स

प्रिझमॅटिक कंपास झटपट काम देतो, पण आसपास लोखंड किंवा विजेच्या तारा असतील तर सुई भरकटते. रेषेचं पुढचं आणि मागचं बेअरिंग (उत्तरेपासूनचा कोन) यांत 180 अंशांचा फरक आला नाही, तर रेषेच्या एका टोकाला तरी स्थानिक आकर्षण आहे किंवा वाचनात चूक आहे. प्लेन टेबलवर नकाशा जागेवरच तयार होतो, त्यामुळे काही राहून गेलं तर तिथेच दिसतं. आज त्याचा वापर जवळजवळ संपला असला, तरी रिसेक्शन (ज्ञात बिंदू पाहून आपली जागा ठरवणं) म्हणजे काय हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही शिकवत नाही.

थिओडोलाइट आडवे आणि उभे कोन मोजतो. एक आकडा कायम लक्षात ठेवा: 206265. एका रेडियनमधले एवढे सेकंद. त्यावरून 20 सेकंदांची चूक 100 मीटरवर जवळपास 10 मिलिमीटर होते. डावा फेस आणि उजवा फेस अशी दोनदा वाचनं का घेतात? कारण दुर्बीण उलटी केली की दृष्टिरेषेचा आणि आडव्या अक्षाचा कल विरुद्ध बाजूला जातो आणि सरासरीत कटतो. उभा अक्षच ओळंब्यात नसेल, तर मात्र ती चूक दोन्ही फेसना तशीच राहते. म्हणून प्लेट बबल नीट आणण्याला पर्याय नाही.

सेंटरिंगचंही तसंच. उपकरण खुंटीवरच्या खिळ्यापासून, दृष्टिरेषेच्या आडव्या दिशेने, 5 मिलिमीटर सरकलं आणि समोरचा बिंदू 20 मीटरवर असला, तर दिशेत 50 सेकंदांहून जास्त चूक येते. एक सेकंदाचं महागडं उपकरण असूनही. बाजू जितकी छोटी, तितकं सेंटरिंग नाजूक. नियंत्रणाच्या ट्रॅव्हर्समध्ये (एकामागून एक जोडलेल्या मोजलेल्या रेषांमध्ये) आखूड बाजू टाळायच्या त्या याचसाठी.

बंद ट्रॅव्हर्स म्हणजे एका बिंदूपासून निघून त्याच बिंदूवर परतणारी कोनांची आणि अंतरांची माळ. आतल्या कोनांची बेरीज बाजूंच्या संख्येतून 2 वजा करून 180 अंशांनी गुणल्याइतकी यायला हवी. हा पहिला ताळा. मग प्रत्येक बाजूचं उत्तरेकडचं अंतर, म्हणजे लॅटिट्यूड, आणि पूर्वेकडचं अंतर, म्हणजे डिपार्चर, काढायचं. फेरी पूर्ण झाली तर दोन्ही बेरजा शून्य यायला हव्यात. समजा परिमिती 400 मीटर आहे, लॅटिट्यूडची बेरीज अधिक 0.03 आणि डिपार्चरची उणे 0.04 आली. मिटण्यातली चूक दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे 0.05 मीटर. प्रमाण 1:8000. कामाला 1:5000 पुरेसं असेल तर ही चूक वाटून टाकता येते. बाउडिच नियमाप्रमाणे वाटणी बाजूच्या लांबीनुसार: 120 मीटरच्या बाजूला 400 पैकी 120 चा वाटा, म्हणजे लॅटिट्यूडमध्ये उणे 0.009 आणि डिपार्चरमध्ये अधिक 0.012.

इथे एक सापळा आहे. समजा तुमची 30 मीटरची टेप प्रत्यक्षात 30.02 मीटर आहे. प्रत्येक बाजू त्याच प्रमाणात कमी मोजली जाईल, आकृती थोडी लहान होईल, पण आकार तोच राहील. ट्रॅव्हर्स अगदी व्यवस्थित मिटेल! क्षेत्रफळ 10,000 चौरस मीटर येईल तेव्हा खरं असेल सुमारे 10,013. म्हणजे मिटणं हा काही चुकांचाच ताळा आहे; मोजपट्टीची चूक पकडायला ती प्रमाणित लांबीशीच ताडून पाहावी लागते. "क्लोजर छान आलं" एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांना हे उदाहरण जरूर दाखवा.

अंतर अवघड, कोन सोपा. आणि मग उलटं

पूर्वी लांब अंतर मोजणं फार कष्टाचं होतं. म्हणून त्रिकोणीकरणाची वाट निघाली: एकच पायारेषा जिवापाड काळजीने मोजायची, पुढे फक्त कोन मोजत त्रिकोणामागून त्रिकोण रचायचे आणि बाकीच्या बाजू गणिताने काढायच्या. विल्यम लॅम्बटन यांनी 1802 मध्ये मद्रासजवळ मोजलेली अशी पायारेषा सुमारे साडेसात मैलांची होती. तिच्यापासून सुरू झालेलं त्रिकोणांचं जाळं पुढे दशकानुदशकं चालत हिमालयापर्यंत गेलं.

1940 च्या दशकात स्वीडनच्या एरिक बर्गस्ट्रँड यांनी प्रकाशाने अंतर मोजणारं उपकरण विकसित केलं, आणि हा तोल बदलला. प्रकाश जाऊन परत येण्याचा वेळ थेट मोजणं सोपं नाही, कारण 1 मिलिमीटरच्या फरकासाठी सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या सुमारे 6.7 पट इतका छोटा वेळ ओळखावा लागतो. म्हणून प्रकाशावर लहरी चढवून पाठवतात आणि परत आलेली लहर किती मागे पडली, तिची कला किती बदलली, ते पाहतात. एकाच लांबीच्या लहरीवरून पूर्ण आवर्तनं किती झाली हे कळत नाही, म्हणून वेगवेगळ्या लांबीच्या लहरी वापरून ती संख्या ठरवतात.

टोटल स्टेशन म्हणजे हे अंतरमापक, इलेक्ट्रॉनिक थिओडोलाइट आणि संगणक एकत्र. त्याची अचूकता "2 मिलिमीटर अधिक 2 पीपीएम" अशी लिहिलेली असते. पहिला भाग अंतर काहीही असो तेवढाच. दुसरा दर किलोमीटरला 2 मिलिमीटर. हवेचं तापमान 1 अंशाने चुकीचं भरलं तर अंतरात साधारण 1 पीपीएमचा फरक पडतो, तो छोट्या साइटवर जाणवतही नाही. पण प्रिझम कॉन्स्टंट (प्रकाश परतवणाऱ्या प्रिझमसाठी अंतरात करायची ठरावीक दुरुस्ती) चुकीचा राहिला, तर 5 मीटरवर असो वा 500 मीटरवर, प्रत्येक अंतरात तेवढीच चूक, 30 मिलिमीटरसुद्धा. स्टेशन लावल्यावर पहिलं काम बॅकसाइटचं अंतर मोजून ज्ञात अंतराशी ताडून पाहणं. कोऑर्डिनेट भरताना झालेली अदलाबदल, प्रिझमचा घोळ, भलतीच खुंटी, यांतलं बरंच काही एका मिनिटात उघडं पडतं.

उपग्रह आणि उंचीचा प्रश्न

जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रह-प्रणाली) रिसीव्हरला निदान चार उपग्रह लागतात, कारण अज्ञात राशी चार: तीन स्थानाच्या, चौथी रिसीव्हरच्या घड्याळातली चूक. एका नॅनोसेकंदाची गफलत म्हणजे 30 सेंटिमीटर. आरटीके (जागेवरच, त्याच क्षणी दुरुस्ती करणाऱ्या) पद्धतीत एक रिसीव्हर ज्ञात बिंदूवर स्थिर राहतो, दुसरा फिरतो. दोघे जवळ असल्याने वातावरणाची आणि उपग्रहांच्या कक्षेची चूक दोघांना जवळपास सारखीच. वजाबाकी केली की ती उडते. लेव्हल मध्यभागी ठेवण्यामागचा विचार तो हाच. मग अचूकता एक-दोन सेंटिमीटरपर्यंत येते, उंचीत त्याहून थोडी कमी. स्क्रीनवर "फिक्स" (लहरींची पूर्ण आवर्तनं पक्की ठरलेली) नसून "फ्लोट" (अजून न ठरलेली) असेल तर तो बिंदू घेऊ नका. इमारतींच्या भिंतींवरून परतलेले संदेश "फिक्स" असतानाही फसवू शकतात, म्हणून ज्ञात बिंदूवर आधी आणि नंतर तपासणी करा.

उपग्रहावरून मिळणारी उंची एका गणिती लंबगोलापासूनची असते. पाणी मात्र गुरुत्वाकर्षण सांगेल तिकडे वाहतं, आणि त्याचं आधारपृष्ठ म्हणजे जिऑइड, साधारण समुद्राच्या सरासरी पातळीशी जुळणारं. दोघांतला फरक जागेनुसार बदलतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जिऑइड लंबगोलाच्या जवळजवळ 106 मीटर खाली आहे. कालवा, गटार, पाइपलाइन यांची पातळी ठरवताना लंबगोलावरून मिळालेली उंची तशीच वापरली, तर उताराचा हिशेबच बिघडू शकतो.

तसाच अंतराचा मुद्दा. यूटीएम प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याच्या एका पद्धतीत) मध्य रेखावृत्तावर प्रमाण 0.9996 असतं, म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर नकाशावर 40 सेंटिमीटर कमी भरतो. जीएनएसएसचे यूटीएम कोऑर्डिनेट आणि टोटल स्टेशनची प्रत्यक्ष अंतरं न बदलता मिसळली, तर दोन्ही उपकरणं निर्दोष असूनही काम जुळत नाही.

आखणी

सर्वेक्षणात जमीन कागदावर येते, आखणीत कागद जमिनीवर उतरतो, आणि इथे चूक काँक्रीटमध्ये गोठते. 24 गुणिले 18 मीटरचा आयत आखला तर दोन्ही कर्ण 30 मीटर यायला हवेत. टोटल स्टेशनने बिंदू दिले असले तरी हे कर्ण टेपने मोजा, कारण ताळा वेगळ्या साधनाने घेतला तरच त्याला अर्थ आहे. खोदाई सुरू झाली की कोपऱ्यांच्या खुंट्या जाणारच, म्हणून मध्यरेषा दोन्ही बाजूंनी खोदाईच्या बाहेर लांबवून तिथे पक्क्या खुंट्या ठोकाव्यात, त्यांचे क्रमांक आणि अंतरं फील्ड बुकात स्केचसकट लिहावीत. चुकलेला आकडा रबराने खोडू नका. एक रेघ मारून शेजारी नवा लिहा, म्हणजे पुढे फरक आला तर आधी काय वाचलं होतं ते पाहता येतं.